द्राक्षांच्या पॅकहाउसमधील बिनतारी स्कॅनर

निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपर्यंत माग लागावा, म्हणून २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू झाले. त्याची संदर्भ प्रयोगशाळा पुण्यात मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. परंतु पॅकहाउसमधील स्कॅनर शेजारच्या ओळीच्या बेसला जोडला गेल्यास पेटीची नोंद दुसऱ्याच्या मालात पडते आणि औषधाच्या अवशेषांचा दोष निर्दोष बागाईतदाराच्या माथी येतो. यास्तव प्रत्येक ओळीच्या बेसला स्वतंत्र क्रमांक द्यावा व त्यावरील जोडणीचा बारकोड त्याच ओळीच्या स्कॅनरने वाचावा. फळांतील पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषते, लोखंड त्या अडविते. म्हणून बेस थप्प्यांहून उंच बसवावा. रोज कामापूर्वी दूरच्या कोपऱ्यातून एक पेटी वाचून नोंद योग्य ओळीत पडल्याची खात्री करून घ्यावी.