घडीची सायकल कामाला कशी लावावी?

सायकल घेणे एक वेळ जमते. ती ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे निजतात. जिन्याखाली आधीच मोटारसायकली उभ्या असतात. रस्त्यावर ठेवावी तर सकाळी सीट गेलेली असते, नाहीतर सायकलच गेलेली असते!

अशा घराला घडीची सायकल बरी. तिच्या मधल्या नळीला बिजागरी असते. दाराला असते तशीच, पण जाड आणि मजबूत. बिजागरीचा खटका उघडला, की पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी येऊन बसते. हँडल खाली वाकते. सीट खाली सरकते. मग सायकल खाटेखाली किंवा दाराआड मावते.

ही युक्ती काही आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सैनिक छत्री बांधून विमानातून उडी मारीत, तेव्हा घडीची सायकल बरोबर घेत. १९४४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही पलटणींजवळही अशा सायकली होत्या.

नवी घडीची सायकल महाग पडते. जुनी मात्र पुष्कळदा स्वस्तात मिळते. कोणी हौसेने घेतलेली असते. चार दिवस फिरवतात, मग ती गच्चीवर गंजत पडते. पण अशी सायकल आणली आणि लगेच कामाला लावली, असे होत नाही. ती बागेत चक्कर मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर डबा, भाजी, पाऊस, खड्डे असा सगळा भार टाकायचा, तर तिच्यात फेरफार करावे लागतात. आपल्याजवळ पैसे थोडे. तेव्हा कोणते काम आधी करायचे, कोणते मागून, आणि कोणते मुळीच करायचे नाही, हे कळले पाहिजे.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एक बाई पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. दोन घरी स्वयंपाक करतात. सकाळी सहाला निघावे लागते. त्यातल्या एका घरची जुनी घडीची सायकल त्यांना थोड्या पैशांत मिळत होती. बाईंनी पैसे देण्याआधी सायकल मिस्त्रींना दाखवायला नेली. हे फार शहाणपणाचे केले.

बाई म्हणाल्या, “मिस्त्री, ब्रेक लागत नाही. तेवढा बघा.”

“ब्रेकचं मागून बघू, ताई. आधी सांधा बघू,” मिस्त्री म्हणाले. “ब्रेक बदलता येतो. सांधा गेला, की सायकल गेली.”

मिस्त्रींचे म्हणणे नीट समजून घ्या. साध्या काळ्या सायकलला नळ्यांचा त्रिकोण असतो. भार तीन नळ्यांवर वाटला जातो. घडीच्या सायकलला बहुधा एकच जाड नळी असते, आणि तीच मधोमध कापून बिजागरीने जोडलेली असते. सगळा भार तिथे. सांधा चालता चालता तुटला, तर माणूस तोंडावर आपटतो. मागून वाहन येत असेल तर काय होईल, ते सांगायला नकोच.

मिस्त्रींनी सायकल उघडली. खटका लावला. पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल पुढे-मागे ढकलली. कान सांध्याशी नेला. टक्-टक् असा आवाज आला. मग त्यांनी सांधा फडक्याने स्वच्छ पुसला आणि विजेरी धरून चारी बाजूंनी पाहिले. रंगाला केसासारखी रेघ पडली आहे का? रेघेतून तांबडा गंज येतो आहे का? वेल्डिंगच्या कडेला चीर आहे का? चीर नव्हती. बिजागरीचा बोल्ट तेवढा ढिला झाला होता. तो आवळल्यावर आवाज थांबला. खटका आता जरा जोर लावल्यावर बसू लागला. तो असाच बसला पाहिजे. करंगळीने उघडणारा खटका कामाचा नाही.

चीर दिसली असती तर? तर मिस्त्रींनी सायकल परत द्यायला सांगितले असते, फुकट मिळाली तरी. कोणी म्हणेल, वेल्डिंग मारून देतो. ऐकू नका. लोहचुंबक लावून पाहा. तो चिकटला नाही, तर नळी ॲल्युमिनिअमची समजा. तिला रस्त्यावरच्या दुकानात वेल्डिंग केले, की ती उलट कच्ची होते. हँडलच्या दांड्यालाही खाली एक सांधा असतो. त्याचीही हीच परीक्षा करायची.

सायकल उलटी केली, की पायडलच्या दांड्याखाली किंवा सीटच्या नळीवर नंबर ठोकलेला आढळतो. तो वहीत उतरवून घ्या. विकणाऱ्याकडून एका कागदावर तो नंबर, किंमत, तारीख आणि सही घ्या. सायकल चोरीची नाही, याला तुमच्याजवळ तेवढाच पुरावा.

आता ब्रेक. ब्रेकची रबरे आणि तारा सरळ नव्या टाका. जुने रबर काचेसारखे कडक होते, ते पकडत नाही. रबर रिमला लागले पाहिजे, टायरला नव्हे. टायरला घासले तर टायर कापतो. आणखी एक. चकचकीत पोलादी रिम पावसात ओली झाली, की ब्रेक फार कमी लागतो. कोरड्यात जिथे थांबता, त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन सायकल थांबते. ॲल्युमिनिअमची रिम पावसात बरी. पैसे साठले, की निदान पुढच्या चाकाला ती घालावी. तोवर पावसात हळू चालवावे, आणि ब्रेक आधीपासून दोन-तीनदा हलका दाबून रिमवरचे पाणी पुसून काढावे.

टायर घेताना मात्र वाचता आले पाहिजे. बाईंना दुकानदाराने एक टायर दिला. म्हणाला, “वीस इंची आहे, बसेल.” बाईंनी जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे वाचले. तिथे ४७-४०६ असे होते. नव्यावर दुसराच आकडा होता, ४५१. बाईंनी टायर परत केला. वर्गात शिकलेले आकडे असे उपयोगी पडले!

हे आकडे काय सांगतात? पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा, टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६ आणि ४५१ या दोन्ही मापांना बाजारात वीस इंचीच म्हणतात. पण एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. म्हणून तोंडी माप सांगू नका, आकडा दाखवा. पहिला आकडा थोडा मोठा चालतो, चिमट्यात जागा असेल तर. लहान चाक खड्ड्यात खोल जाते. टायर रुंद असला, की धक्का कमी बसतो.

हवा किती भरायची, तेही टायरवरच छापलेले असते. लहान चाकाला हवा कमी पडून चालत नाही. आठवड्यातून एकदा भरावी. ट्यूब मोटारीच्या व्हॉल्व्हची घेतलीत तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पण तिथे हवा झपाट्याने शिरते. काट्यावर नजर ठेवा, नाहीतर ट्यूब फुटेल.

सीटची उंची पुष्कळजण चुकीची ठेवतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला, की उंची बरोबर. सीटच्या दांड्यावर एक आडवी रेघ असते. ती रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये. उंच माणसाने दांडा रेघेच्या वर ओढला, तर नळी फाटते. त्यापेक्षा लांब दांडा घ्यावा. जुना दांडा बरोबर घेऊन जा, कारण त्याची जाडी निरनिराळी असते.

बाईंना मुख्य काळजी होती ती वेगळीच. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा.

“पोराला मागं बसवून शाळेत सोडीन, मग कामावर जाईन,” त्या म्हणाल्या. “त्यासाठीच तर सायकल घेतली.”

मिस्त्री म्हणाले, “कॅरिअरवर काय ठोकलंय, वाचा बरं.”

“दहा किलो.”

“पोर किती किलोचं?”

“चोवीस.”

मिस्त्रींनी ते कॅरिअर काढले आणि मजबूत पोलादी कॅरिअर बसवले. त्याचे पाय खाली चाकाच्या दांड्यापाशी बोल्टने आवळले. त्याच्यावर आकडा होता पंचवीस.

बाई हसल्या. “आता झालं की! एक किलो उरला.”

“ताई, तो आकडा गप्प बसणाऱ्या सामानाचा,” मिस्त्री म्हणाले. “पोर हलतं. त्याचे पाय कुठं ठेवणार? चाक लहान, तारा जवळ. आणि तुमच्या गल्लीला चढ आहे. ही सायकल आखूड. मागं भार बसला, की चढाला पुढचं चाक उचलतं. पडलात, तर दोघं पडाल.”

बाई नाराज झाल्या. दोन दिवस त्यांनी सायकलला हात लावला नाही. शेवटी मुलगा शेजारच्या मुलींबरोबर चालत शाळेत जाऊ लागला. कॅरिअरवर आता फक्त भाजी आणि डबा असतो. आमच्या मते मिस्त्रींनी बरोबर केले. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून “बसेल, बसेल” म्हणणारे पुष्कळ भेटतात.

कॅरिअर बसवल्यावर सायकल घडी करून पाहा. घडी होत नसेल तर सगळे मुसळ केरात! पिशव्या बाजूला लावायच्या तर त्या मागे सरकवून बांधा, म्हणजे टाच लागणार नाही. हँडलला पिशवी अडकवू नका. हँडलचा दांडा उंच असतो, पिशवी हेलकावे खाते आणि सायकल भलतीकडे वळते. पातळ नेसणाऱ्या बायकांनी चेनवर पत्र्याचे झाकण आणि मागच्या चाकाला जाळी अवश्य बसवावी. पदर किंवा ओढणी चाकात गेली, की गळ्यालाच फास बसतो.

आता थोडे गणित करू. “लहान चाकाची सायकल फार पाय मारायला लावते,” असे लोक म्हणतात. खरे आहे का? २८ इंची चाकाचा घेर ८८ इंच. २० इंची चाकाचा सुमारे ६३ इंच. समजा, काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पायडल एकदा फिरवले, की ती सुमारे १८ फूट जाते. घडीच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १६ दाते असतील, तर ती साडेचौदा फूटच जाते. पुढचे चक्र ५२ दात्यांचे घातले, तर सतरा फूट. म्हणजे काळ्या सायकलच्या जवळ आली. मागचे चक्र लहान करू नये का? सोळापेक्षा कमी दात्यांचे फ्रीव्हील साध्या हबच्या आट्यांवर बहुधा बसत नाही. म्हणून पुढचे बदलायचे. त्याबरोबर चेनही लांब लागते.

पण हा बदल सपाट गावासाठी. बाईंच्या गल्लीला चढ, मागे भाजीचे ओझे. त्यांना साडेचौदा फूटच सोयीचे. मिस्त्रींनी चक्राला हात लावला नाही, आणि बाईंचे पैसे वाचले. त्या पैशांत पुढचा पांढरा दिवा, मागचा तांबडा दिवा आणि घंटी आली. तांबडा दिवा कॅरिअरच्या टोकाला लावला. सीटखाली लावला असता तर भाजीच्या पिशवीने झाकला गेला असता.

मिटणारी पायडले बसवायची असतील तर ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवले की सुटते. जोर लावून भलतीकडे फिरवलेत, तर दांड्याचे आटे जातात.

चेन झिजली की नाही, हे घरच्या पट्टीने कळते. पट्टीचे टोक एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्या मोजा. चोविसावी पिन बारा इंचांवर आली पाहिजे. अर्धा सूत पुढे गेली, तर चेन बदला. पुरा सूत पुढे गेली, तर चेनने दातेही खाल्ले, आणि खर्च दुप्पट झाला.

दर रविवारी सांधा पुसून पाहावा. बोल्ट ढिला झाला असेल तर आवळावा. बिजागरीला तेलाचा एक थेंब द्यावा, जास्त नको, धूळ धरते. रोज निघताना खटका बसला की नाही, ते हाताने दाबून पाहावे. घडी केल्यावर दोन्ही चाके पट्ट्याने बांधावीत, नाहीतर जिन्यात सायकल एकदम उघडते. आणि जिना चढताना चेनची बाजू अंगापासून लांब धरावी. तेलाचा काळा डाग पातळावर पडला, तर तो काही केल्या निघत नाही.