टूलसेट जरा थांबवा

पालकहो, शाळांना सुट्टी लागली की मला एका ठरावीक प्रकारचे फोन येतात. मुलाला किंवा मुलीला वाढदिवसाला विमानाचं प्लॅस्टिक किट मिळालेलं असतं आणि आई नाहीतर बाबा विचारतात, "सर, याच्यासोबत कुठला टूलसेट घेऊन टाकू?" मी म्हणतो, एक बरा निपर घ्या, प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट घ्या, कटर घरात असेलच. बाकी काही घेऊ नका. त्यावर काहीजण खट्टू होतात. मुलासाठी खर्च करायची तयारी असताना हा माणूस हात का आखडायला सांगतोय, असं त्यांना वाटत असणार.

कारण सांगतो. तयार जिग (म्हणजे भाग जागेवर पकडून धरणारा साचा), तयार क्लॅम्प, तयार स्टँड हे सगळे अशा अडचणींवरचे उपाय आहेत ज्या तुमच्या मुलाला अजून आलेल्याच नाहीत. अडचण येण्याआधी उपाय हातात पडला की तो खणात जाऊन बसतो. अडचण आधी आली, की मूल घरभर नजर फिरवायला लागतं.

पंखांचंच घ्या. हे सिमेंट गोंदासारखं मध्ये बसून चिकटवत नाही. ते दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवतं आणि कडा एकमेकींत मुरतात. पाच मिनिटांत पंख बसल्यासारखा वाटतो, पण सांधा आतून मऊच असतो, आणि सकाळी बघावं तर विमान एका खांद्याने वाकलेलं. माझ्याकडे येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीचं स्पिटफायर असंच वाकलं. पुढच्या वेळी तिने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. सूचनापत्रकात विमानाचं समोरून काढलेलं चित्र होतं, पण ते किटच्या मापाचं नव्हतं. मग पट्टीने दोन्ही पंख मोजले, त्रैराशिक मांडलं, चित्र पुठ्ठ्यावर मोठं करून काढलं. मधे पोटासाठी खाच, दोन्ही बाजूंना पंखांची चढण. असे दोन तुकडे समांतर उभे केले, बुडाशी पट्ट्या चिकटवल्या, झाला साचा. शेपटीचा उभा पंख काटकोनात धरायला कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये दोन बाजूंनी टेकवले.

गंमत पुढेच आहे. त्याच साच्यात तिने 1/72 चं मिग-21 ठेवलं, तर ते बसेना. ती तक्रार घेऊन आली, "सर, माझा साचा बिघडला." साचा ठीक होता. स्पिटफायरचे पंख टोकाकडे वर चढतात, मिग-21 चे साधारण 2 अंश खाली उतरतात. त्या मापात टोकाशी हा उतार जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण डोळ्याला तो कळतो. तिने दुसरा साचा कापला. विकतचं जिग स्क्रू फिरवून जुळवता आलं असतं, हे खरं. पण मग विमानांचे पंख वेगवेगळ्या कोनांत का असतात, हा प्रश्न तिने विचारला असता का, याची मला शंका आहे.

आणि हे काही पोरकट जुगाड नव्हे. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात खरी मिग-21 तयार झाली. खऱ्या विमानांचे सांगाडेही जिगमध्ये पकडूनच जोडतात. आणखी एक उदाहरण देतो. 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून 5 लाख लाकडी विमानं मागवली, सैनिकांना आणि टेहळ्यांना शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी. प्रमाण 1/72, म्हणजे 6 फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. 35 फुटांवर धरलेलं असं विमान सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. करा गुणाकार. आराखड्यांसोबत आकार तपासायचे साचेही असत. ते पुठ्ठ्यासारख्या कशावर तरी उतरवून कापायचे आणि घडवलेल्या लाकडावर ठेवून कुठे फट राहते ते बघायचं.

आता तुमच्या घराकडे येऊ. सुटे भाग ठेवायला जुन्या मिसळणाच्या डब्याइतकी सोयीची वस्तू मी बाजारात पाहिलेली नाही. काम परातीत केलं तर उडालेला भाग कडेला अडतो, फरशीवर रांगत शोधावा लागत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचे खळगे रंग कालवायला उत्तम. आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवला की कानस तयार. भाग साबणाच्या पाण्यात धुवायला चहाची गाळणी लागते, मात्र रंगाच्या कामाला गेलेली वस्तू ओट्यावर परत येणार नाही, हे आधीच जाहीर करून टाका. कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड तर मुलं तुम्हाला न विचारताच नेतील.

सिमेंटची बाटली कलंडू नये म्हणून मूल हमखास थर्मोकोलचा ठोकळा कोरणार, कारण नव्या टीव्हीच्या खोक्यातला तो तुकडा माळ्यावर पडूनच असतो. तो करू देऊ नका. खरं तर, आधी त्या ठोकळ्यावर सिमेंटचा एक थेंब तुमच्यासमोर टाकायला लावा. तिथे खड्डा पडतो. थर्मोकोल आणि विमान दोन्ही पॉलिस्टायरीनचीच, एक फुगवलेलं, एक घट्ट. मग बाटलीसाठी लाकडाचा ठोकळा शोधला जातो आणि सिमेंट कसं काम करतं तेही कळतं. नेलपॉलिश रिमूव्हरने डाग पुसायचा नाही, हेही त्याच ओघात सांगून टाका. आणि कॉकपिटची पारदर्शक काच बसवायला फेविक्विक नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते. साधं फेविकॉल पुरतं.

ज्या विमानांचं पुढचं चाक नाकाखाली असतं, त्यांतली बरीच तयार झाल्यावर शेपटीवर बसतात. नाकात वजन भरावं लागतं. किती, हे शोधायचं साधन म्हणजे एक पेन्सिल. सगळे भाग टेपने तात्पुरते जोडायचे, मागची चाकं जिथे येणार तिथे खाली पेन्सिल आडवी ठेवायची आणि नाकात एकेक नट टाकत जायचं. वजन जितकं पुढे, तितकं कमी लागतं. तरफेचा धडा शाळेत पुढे कधीतरी येईलच. मासेमारीचं शिसं सहज मिळतं, पण ते मुलांच्या हाती नको.

तुमच्याकडे येणारी कामं फार नाहीत, पण ती टाळू नका. ब्लेड बदलताना शेजारी बसा, जुनी ब्लेडं झाकणाच्या डबीत. सिमेंट उघडलं की खिडकी उघडी, आणि गॅस किंवा निरांजन जवळ नाही. खोका आणि जुना पंखा जोडून स्प्रे मारायची खोली करायचा बेत मुलं हमखास आखतात. त्याला मी ठाम नाही म्हणतो. थिनरची वाफ आणि मोटरची ठिणगी एकत्र येऊ द्यायची नाहीत. पाण्यात मिसळणारे रंग आणि ब्रश भरपूर आहेत. टेबल एकच असेल, तिथेच जेवण आणि अभ्यास होत असेल, तर प्लायचा एक तुकडा द्या. काम त्यावर मांडायचं आणि रात्री आहे तसं पलंगाखाली सरकवायचं. त्यावरचा पसारा मात्र आवरू नका. तुम्हाला कचरा वाटणारी ती पुठ्ठ्याची फीत बहुधा कशाचा तरी आधार असते.

मग टूलसेट कधीच घ्यायचा नाही का? घ्या की. मूल स्वतः मागेल तेव्हा घ्या. "मला क्लॅम्प हवा" म्हणालं तर विचारा, कशासाठी, आणि त्याचं तोंड किती उघडायला हवं. उत्तर मिलिमीटरमध्ये आलं, तर बिनधास्त पाकीट काढा.