नेट गेलं? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका गटाचा कर्जाचा प्रस्ताव बँकेला ईमेलने पाठवायचा होता. शेवटचा दिवस. सचिव ताईंच्या घरी लॅपटॉप आणि मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेलं वायफाय. कागदपत्रं अर्ध्यावर चढायची आणि अडकायची. तीनदा तेच झालं. घरातून आवाज आला, "तुम्हा बायांना हे जमायचं नाही." मीही घाईत म्हणाले, "ताई, कंपनीचं नेटच खराब आहे." दोघांचंही चुकलं होतं. वायफायचा डबा, म्हणजे राउटर, लोखंडी कपाटामागे ठेवला होता. तो बाहेर काढून उंचावर ठेवला आणि दहा मिनिटांत प्रस्ताव गेला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी शेजारणीला विचारतो ना, "तुमच्याकडे आलं का गं?" तिच्याकडेही नसेल तर गावची टाकीच रिकामी. तिच्याकडे असेल तर आपली तोटी बघायची. नेटचंही तसंच आहे. बिघाड बहुतेकदा तीनपैकी एका ठिकाणी असतो: बाहेरून येणारी लाइन, डबा किंवा लॅपटॉप. पुढच्या क्रमाने तपासा.

१. मोबाइलवर बघा. आधी मोबाइलचा डेटा बंद करा, नाहीतर फसगत होते. मग वायफाय जोडा आणि लॅपटॉपशेजारीच उभं राहून एखादं पान उघडा. मोबाइलवर चाललं तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडे नाही, तर डबा किंवा लाइन.

२. डब्यावरचे दिवे बघा. फायबरची लाइन असेल तर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे तारेतून उजेड येत नाही. हो, उजेडच! फायबर म्हणजे काचेची बारीक तार, तिच्यातून वीज नाही तर प्रकाश जातो. दाराच्या फटीत दाबली, खिळ्याला गच्च गुंडाळली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली की नेट बंद. घरातली तार दुमडली असेल तर हलकेच सरळ करा. तरीही दिवा लाल असेल तर कंपनीला फोन करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. दखल घेतली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

३. दिवे ठीक, तरी नेट नाही? डब्याचं बटण बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करा आणि चार-पाच मिनिटं धीर धरा. मात्र मागच्या बारीक भोकात काडी घालू नका. त्याने आतली सगळी सेटिंग पुसली जाते.

४. डब्याजवळ चालतं, लांब गेलं की अडतं? मग जागा बदला. डबा घराच्या मधोमध, उंच आणि मोकळा हवा. लोखंडी कपाट, पत्रा, पाण्याची टाकी, दगडाच्या जाड भिंती लहरी अडवतात. काही डब्यांची दोन नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण जवळच चालतं. दुसऱ्या खोलीत बसत असाल तर पहिलं निवडा. नावापुढचं '५जी' आणि मोबाइलचं ५जी एक नव्हे.

५. फक्त लॅपटॉपच अडतोय? विमानाचं चिन्ह चालू नाही ना, तारीख-वेळ बरोबर आहे ना, ते बघा. तारीख चुकली तर बँकेची पानं उघडत नाहीत. मग वायफायच्या यादीत आपल्या नावावर 'फरगेट' दाबा, पासवर्ड टाकून पुन्हा जोडा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. तरी जमलं नाही तर केबलने लॅपटॉप थेट डब्याला जोडा. केबलवर नीट चाललं तर लाइन चांगली आहे, दोष वायफायचा.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडे लाइट जाते, मग डबाही बंद पडतो. त्यासाठी छोटा बॅटरी बॅकअप मिळतो. घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्या. दुसरं, माहिती आधी वहीत किंवा लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये भरून ठेवा. नेट फक्त पाठवण्यापुरतं लागू द्या. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. अगदीच अडलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच.

त्या सचिव ताई परवा कंपनीच्या माणसाला फोनवर सांगत होत्या, "लाल दिवा लागलाय, डबा बंद-चालू करून झालाय, बिघाड तुमच्या लाइनमध्ये आहे." समोरचा मुकाट्याने तक्रार लिहून घेत होता. 'जमायचं नाही' म्हणणारे घरातले शेजारीच बसले होते.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरच्या डब्यावर कोणते दिवे आहेत ते लिहून आणा. आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक