फोन ज्याचा त्याचा, काम संस्थेचे

वेळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात पतसंस्थेचे पिग्मी एजंट, कृषी सेवा केंद्रातील विक्रेते आणि दूध संकलन केंद्राचे कर्मचारी बहुधा स्वतःच्या फोनवरच काम करतात. ग्राहकही आपल्या सवयीचाच फोन वापरतात. तो बदलायला लावण्यापेक्षा त्याच फोनवर काम सुरक्षितपणे चालेल अशी व्यवस्था करणे संस्थेला परवडते आणि टिकतेही. पुढील टप्पे पतसंस्थेचे उदाहरण घेऊन मांडले आहेत. आपण ते याच क्रमाने पार पाडावेत.

१. हातातल्या फोनची नोंद करा. प्रत्येक कर्मचाऱ्याचा फोन कोणता, त्यातील अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती कोणती, मोकळी जागा किती आणि शेवटचे सुरक्षा अपडेट कधी आले, हे एका वहीत लिहा. आठवडाभर काउंटरवर येणाऱ्या ग्राहकांनाही विचारा: स्मार्टफोन आहे की बटणांचा? फोन स्वतःचा की घरात सामायिक? पुढचे निर्णय याच नोंदीवर घ्यायचे आहेत.

२. कामांची विभागणी करा. पिग्मीची रोजची नोंद, शिल्लक पाहणे, हप्त्याची आठवण ही कामे फोनवर आणावीत. कर्जमंजुरी, खात्यातील दुरुस्ती, सभासदांची संपूर्ण यादी ही कामे कार्यालयातील संगणकावरच ठेवावीत. जी माहिती फोनवर गेलीच नाही, ती फोनसोबत हरवत नाही.

३. किमान अटी ठरवा. स्क्रीन लॉक हवाच, सुरक्षा अपडेट मिळत असलेला फोन हवा आणि कामाचे ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घेतलेले असावे. ज्यांचा फोन या अटींत बसत नाही त्यांना संस्थेने फोन द्यावा किंवा खरेदीसाठी मदत करावी. कामासाठी लागणाऱ्या रिचार्जचा वाटाही दरमहा द्यावा.

४. कामाची आणि घरची माहिती वेगळी ठेवा. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ ही सोय आहे. तिच्यामुळे कामाची ॲप फोनमध्येच वेगळ्या कप्प्यात राहतात. व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून संस्था फक्त तो कप्पा पुसू शकते. घरचे फोटो आणि संदेश तिला दिसत नाहीत. संस्था काय पाहू शकते व काय नाही, हे मराठीत लिहून कर्मचाऱ्यांची सही घ्या. सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो वैयक्तिक व्हॉट्सॲपवर पाठवणे पूर्ण बंद करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

५. ॲप निवडताना साधा फोन समोर ठेवा. २०२१मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता अपुरी आहे, ते वारंवार बिघडतात आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मराठीतून काम करता येत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासा: ॲप पूर्ण मराठीत आहे का, संस्थेतील सर्वांत जुन्या फोनवर चालते का, रेंज नसताना नोंद साठवून नंतर पाठवते का आणि एकच नोंद दोनदा जाणार नाही याची काळजी घेते का.

६. ग्राहकांसाठी एकापेक्षा अधिक मार्ग ठेवा. काउंटरवर कोणत्याही यूपीआय ॲपने वाचता येईल असा क्यूआर लावा. बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय १२३पे’ सेवा आहे. तिच्यात इंटरनेटशिवाय, कॉल करून पैसे पाठवता येतात. व्यवहाराचा एसएमएस मराठीत पाठवा. देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच मावतात, तेव्हा रक्कम, तारीख आणि शिल्लक एवढेच लिहा. फोन सामायिक असेल तर शिल्लक एसएमएसने कळवावी का, हे ग्राहकाला विचारूनच ठरवा. छापील पावती मागणाऱ्याला ती मिळालीच पाहिजे.

७. फोन हरवल्यास काय करायचे, हे आधीच लिहून ठेवा. प्रत्येक फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, नोंदवून घ्या. फोन हरवताच प्रथम संस्थेला कळवून लॉगिन बंद करावे, मग सिम बंद करावे, त्यानंतर पोलीस तक्रार करून ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन ब्लॉक करावा. पैशांची फसवणूक झाली असेल तर सर्वांत आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक ग्राहकांसाठीही काउंटरवर ठळक लावा.

८. आधी चाचणी घ्या, मग विस्तार करा. दोन पिग्मी एजंटांपासून सुरुवात करून महिनाभर वही आणि ॲप दोन्ही चालवा व रोज संध्याकाळी बेरीज जुळवा. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते, तेव्हा गर्दीमुळे नेटवर्कवर ताण येतो. नवी पद्धत त्या दिवसांत सुरू करू नका. रेंजविना काम चालते का, याची परीक्षा मात्र तेव्हा जरूर घ्या.

९. एका व्यक्तीला जबाबदार नेमा. नवे लॉगिन देणे, तक्रारी नोंदवणे आणि दर सहा महिन्यांनी फोनची यादी तपासणे ही कामे तिच्याकडे असावीत. कर्मचारी काम सोडेल त्याच दिवशी त्याचे लॉगिन आणि कामाचा कप्पा बंद झाला पाहिजे. तसे झाल्याची लेखी नोंद पाहूनच अंतिम हिशेब पूर्ण करावा.