त्रिकोणाची भाषा

तलासरीच्या नाक्यावर उभे राहा आणि भोवती बघा. पाट्याच पाट्या! चहाची पाटी, खताची पाटी, सिमेंटची पाटी, मोबाइलची पाटी. हमरस्त्यावरून मोटारी भरधाव जातात. पाटी वाचायला कोण थांबतो? पापणी लवते तेवढ्यात पाटीने आपले म्हणणे सांगितले पाहिजे. म्हणून पाटी करणारा अक्षरे कमी करतो आणि चित्राला बोलायला लावतो.

चित्रात रेघा फार झाल्या की पाहणारा गोंधळतो. थोड्या रेघांत पुष्कळ सांगायचे, हेच खरे कसब.

आपल्या डहाणू-तलासरीच्या माणसाला हे कसब नवे नाही. वारली घरातला लग्नाचा चौक आठवा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी. माणूस कसा काढतात? दोन त्रिकोण, एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक. वर डोक्याचा गोल, मग हातापायांच्या रेघा. झाला माणूस! त्रिकोण जरा कलते केले की तोच माणूस नाचू लागतो. हे चौक सवाशिणी लिहीत. हो, चौक ‘लिहितात’ असेच म्हणतात. ज्यांना अक्षर येत नव्हते त्या बाया भिंतीवर लिहीत होत्या, बरे का.

गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणली. ती परदेशी पोचली. 2011 साली मशे यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले.

शहरातल्या जाहिरातवाल्यांचेही या चित्रांकडे लक्ष गेले. 2010 च्या दिवाळीत कोकाकोला कंपनीने आपल्या जाहिरातीत वारली चित्रे वापरली. सणाला घरी या, असे त्या जाहिरातीचे सांगणे होते. युक्ती चांगलीच होती. ती माणसे पाहिली की गाव आठवते, घर आठवते. पण बाटलीतले पेय कारखान्याचे आणि माणसे आपल्या भिंतीवरची! पुढे 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही कला या मुलखाची, अशी सरकारदरबारी नोंद झाली.

दुसरा त्रिकोण जुन्या माणसांना आठवेल. तो लाल आणि उलटा, कुटुंबनियोजनाचा. 1961 साली देशात शंभरात अठ्ठावीस माणसांनाच लिहितावाचता येत होते. बाकीच्यांना कसे सांगायचे? त्या खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांनी ही खूण पुढे आणली. कुठल्याही गावचा रंगारी एका ब्रशाने ती काढू शकत असे. लाल रंग लांबून दिसे. दवाखान्याच्या भिंतीवर त्रिकोण दिसला की माणूस समजे, सल्ला इथे मिळतो.

तिसरा त्रिकोण आपल्या जिवाशी संबंध असलेला आहे. चिकूच्या वाडीत फवारायच्या औषधाची बाटली घ्या. तिच्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग म्हणजे रंगीत त्रिकोण. लाल असेल तर औषध अत्यंत जहाल. वरच्या अर्ध्या भागात कवटी आणि हाडेही दिसतील. पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य.

पण इथे एक गोम आहे. मोबाइलवर हिरवे बटण दाबले की बोलणे सुरू होते. खाऊच्या पुडीवर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यामुळे हिरवे म्हणजे चांगले, अशी मनाला सवय लागते. औषधाच्या बाटलीवर तसे नाही! तिथे हिरवा त्रिकोण असला तरी आत विषच. फक्त कमी जहाल.

आणखी एक बघा. कायद्याने हा चौकोन लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा असावा लागतो. म्हणजे जुन्या रुपयातला एक आणा. उरलेल्या पंधरा आण्यांत टपोरी फळे आणि हसरा शेतकरी मावतो. चित्र काढणारा हुशार असतो. तो आपली नजर फळांकडे नेतो. तुम्ही आधी तो एक आणा शोधा.

सराव : घरातली फवारणीची बाटली उजेडात धरा. तोंड उघडू नका. त्रिकोणाचा रंग वहीत लिहा. चौकोनाच्या वरच्या भागात काय छापले आहे, तेही लिहा. मग हात साबणाने धुवा आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.