चेक लिहिताना चूक झाली तर? खाडाखोड नको, नवं पान घ्या



राब पेरायचे दिवस जवळ आले की आपल्या हमरापूर परिसरात कपाटातली चेकबुकं बाहेर येतात. बियाणं, खत, पॉवर टिलरचं भाडं, बांधबंदिस्तीची मजुरी. ज्यांच्या घरी शेतीबरोबर गणपतीचा कारखाना आहे, त्यांना माती-रंगवाल्याला चेक द्यायचे असतात आणि मूर्तींच्या ऑर्डरचे चेक व्यापाऱ्यांकडून घ्यायचेही असतात. वर्षातून चार-सहा वेळा चेक लिहिणाऱ्या हाताकडून चूक होणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चुकीवर चुकीचा इलाज केला तर मात्र पैसे अडकतात. म्हणून आजचा पाठ याच विषयावर. दहा मिनिटं काढून वाचा आणि घरात ज्यांच्या सहीने चेक जातो त्यांनाही वाचून दाखवा.

*१) जुनी सवय सोडा*

पूर्वी आकडा चुकला तर त्यावर रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. बँकेतला माणूस कागद हातात घेऊन बघायचा आणि चेक पास व्हायचा. आता तसं होत नाही. तुम्ही दिलेला चेक समोरच्याने त्याच्या बँकेत भरला की कागद तिथेच राहतो. तुमच्या बँकेकडे जातो तो फक्त त्याचा फोटो. फोटोत खाडाखोड दिसली की ती तुम्ही केली की दुसऱ्या कुणी, हे ठरवणं कठीण.

म्हणून रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०१० पासून नियम केला आहे. अशा पद्धतीने क्लिअरिंगला जाणाऱ्या चेकवर नाव, आकड्यातली रक्कम किंवा अक्षरी रक्कम यांत दुरुस्ती चालत नाही. चूक झाली तर नवं पान. बाजूला सही केली तरी उपयोग नाही. व्हाइटनर तर लावूच नका.

सवलत फक्त तारखेच्या दुरुस्तीला आहे. तीही पूर्ण सही करून. पण चेकबुकात पान शिल्लक असेल तर तारखेसाठीही नवंच पान वापरा. एक पान वाचवायला जाऊन चेक परत आला तर बँकेचा दंड त्याहून महाग पडतो.

*२) कुठली चूक कशी होते*

*तारीख:* जानेवारीत हाताला जुन्या वर्षाची सवय असते. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो (हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे). जानेवारीत चुकून मागचं वर्ष लिहिलं तर बँकेच्या लेखी तो चेक वर्षभर शिळा. थेट परत.

*नाव:* दुकानाची पाटी एक, मालकाचं नाव दुसरं आणि बँक खातं तिसऱ्याच नावाने, असं पुष्कळदा असतं. बिलावरचं नाव बघा आणि विचारा, "खातं कोणत्या नावाने आहे?" भाऊ, अण्णा, शेठ असली हाक मारायची नावं चेकवर नकोत.

*अक्षरी रक्कम:* आपल्या मराठी आकड्यांत इथेच गोची होते. ३९ म्हणजे एकोणचाळीस, पण घाईत हात 'एकोणतीस' लिहून जातो. ४९ आणि ५९ चंही तेच. कायदा असं सांगतो की आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी. पण फरक दिसला की बँक सहसा चेक परतच करते. म्हणून रक्कम आधी कच्च्या कागदावर लिहा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा, मग चेकवर उतरवा.

*मोकळी जागा:* '१,०००' च्या आधी जागा सोडली तर तिथे २ बसतो. 'एक हजार' मध्ये 'एक' पुढे जागा सोडली तर 'वीस' बसतं. झाले एकवीस हजार! अक्षरं अगदी डावीकडून सुरू करा, शब्द जवळजवळ लिहा, शेवटी 'फक्त' लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढा. आकड्यानंतर /- अशी खूण करा.

*सही:* नांगर, कोयता धरून हात जड होतो, वयाने सही बदलते. बँकेतल्या नमुन्याशी ती जुळत नसेल तर शाखेत जाऊन नवीन नमुना देता येतो. बँकेत मराठी सही असेल तर चेकवरही मराठीच करा.

काहींना वाटतं, मराठीत लिहिलं म्हणून चेक परत येतो. तसं नाही. चेक हिंदी, इंग्रजी किंवा आपल्या प्रादेशिक भाषेत लिहायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. फक्त एकाच चेकवर भाषांची खिचडी नको.

आणखी एक शंका नेहमी येते. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'खात्यात जमा' लिहिणं आणि छापलेला 'धारक' म्हणजे 'बेअरर' हा शब्द खोडणं, याला खाडाखोड म्हणत नाहीत. हे जरूर करा. चेक हरवला तरी कुणी काउंटरवरून रोख पैसे काढू शकणार नाही.

*३) चुकलेल्या पानाचं काय करायचं*

नुसतं चुरगाळून टाकू नका. सही झालेली असेल तर ते पान धोक्याचं आहे. त्यावर मोठ्या अक्षरात 'रद्द' लिहा. सहीचा तुकडा आणि खालची छापील आकड्यांची पट्टी कापून वेगळी करा आणि सगळे तुकडे चुलीत घाला. चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर चेक नंबर, तारीख आणि 'चुकला, रद्द' एवढं लिहा. उद्या हिशेबात नंबर सापडला नाही तर ही नोंद कामाला येते.

कंपनीत नोंदणीसाठी आपण रद्द केलेला चेक मागतो, तो वेगळा. त्यावर आडवं 'रद्द' लिहा, पण *सही करू नका*. नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड स्पष्ट दिसले पाहिजेत.

*४) चुकीचा चेक हातातून गेला असेल तर*

इथे वेळ महत्त्वाचा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर चालू असतं. आलेल्या चेकवर तुमच्या बँकेला त्याच दिवशी ठरलेल्या वेळेत उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. "दोन दिवसांनी बघू" हे दिवस गेले. म्हणून असं करा:

• आधी ज्याला चेक दिला त्याला फोन. चेक भरला नसेल तर परत मागा आणि तो हातात आल्यावरच नवा द्या.
• चेक परत मिळत नसेल किंवा हरवला असेल तर ताबडतोब बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन 'स्टॉप पेमेंट' करा. चेक नंबर लागतो, म्हणून नोंद हवीच. बँक याचे पैसे घेते. शाखेत अर्ज दिला तर त्याची पोच घ्या.
• चेक आधीच पास झाला असेल तर तो थांबवता येत नाही. जादा गेलेली रक्कम समोरच्याकडून लेखी मागावी लागते.

खरं देणं टाळण्यासाठी मात्र चेक थांबवू नका. तसं केलं तरी चेक बाउन्सची केस होऊ शकते.

रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर 'पॉझिटिव्ह पे' वापरा. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. चेक नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपणच आधी बँकेला कळवायची, मग बँक चेकशी ताडून बघते. ५ लाख आणि त्यावरच्या चेकला बँक हे सक्तीचं करू शकते, म्हणून आपल्या शाखेत विचारून ठेवा.

*५) तुम्हाला चेक मिळत असेल तर*

व्यापारी समोर असतानाच तारीख, नाव, आकडा, अक्षर आणि सही पाचही बघा. "इथे सही करून देतो, चालतंय" असं म्हणून खोडलेला चेक दिला तर घेऊ नका, तिथेच नवा मागा. गणपती निघून गेले, भात गाडीत चढलं की मग माणूस सापडत नाही.

चेक भरताना काउंटरवर पोच मागा. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच नाकारता येत नाही.

खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर बँकेचा रिटर्न मेमो जपून ठेवा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. "देतो, देतो" ऐकत बसलात तर मुदत निघून जाते.

*६) कोरा सही केलेला चेक*

ट्रॅक्टर, उधारी, हातउसने, कशासाठीही कोरा चेक सही करून देऊ नका. सही केलेला अर्धवट चेक दिला की तो भरायचा अधिकार आपण समोरच्याला दिला, असं कायदा धरतो. मग त्यात कितीचा आकडा पडला यावर भांडत बसावं लागतं. तारण द्यावंच लागलं तर नाव आणि रक्कम स्वतः भरा, चेक नंबरसह पावती घ्या.

*आजचं काम*

१. चेकबुक काढा, वापरलेल्या प्रत्येक पानाची नोंद आहे का बघा.
२. पाचपेक्षा कमी पानं उरली असतील तर लावणीआधीच नवीन चेकबुक मागवा. पान नाही म्हणूनच माणूस खाडाखोड करतो.
३. आधी सही करून ठेवलेली पानं असतील तर आजच रद्द करा.

चेक लिहिताना अडलं तर चेकबुक घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, समोर बसून लिहू. येताना सही मात्र करून आणू नका!

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, हमरापूर