घरची बोली, रानची वेळ आणि शिक्षकाची वही

फाल्गुन सरत आला की पोंभुर्ण्याच्या परिसरातील मोहाच्या झाडांची पाने गळून जातात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. ही रसाळ, पिवळसर पांढरी फुले रात्री व पहाटे गळतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. म्हणून घरातील लहानथोर मंडळी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. बहुधा याच दिवसांत शाळा सकाळची होते. हजेरीपत्रकावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात आणि ‘पालक उदासीन’ असा शेरा सहज लिहिला जातो.

हा शेरा कितपत खरा आहे, हे पडताळून पाहण्याचे साधन प्रत्येक शिक्षकाजवळ आहे. ते साधन म्हणजे एक साधी वही.

१. वहीत काय लिहावे

शाळा सुटल्यावर रोज पाच-सात ओळी पुरेत. गावात आज कोणते काम चालले आहे, रानात काय फुलले, कोणते मूल आले नाही व त्याच्या घरी काय होते, मुलांच्या तोंडून कोणता नवा शब्द ऐकला, एवढेच तीत यावे. भाषा साधी असावी. अलंकार नसले तरी चालेल, परंतु दिनांक अवश्य असावा. एक वर्ष अशी वही ठेवली म्हणजे गावाचे पंचांगच हाती येते. आषाढ-श्रावणात धानाचा रोवणा, पुढे कापणी, चैत्रात मोहफूल, वैशाखात तेंदूपाने, असा कामाचा क्रम दिसू लागतो. गैरहजेरी याच क्रमाने येते व जाते, हेही त्यातून उमगते. मग मागे पडलेला पाठ केव्हा व कसा भरून काढावयाचा, याची योजना अगोदरच आखता येते.

२. घरची बोली

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत बोलली जाणारी झाडीबोली मराठीचेच एक रूप आहे. तीत ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. कोथिंबिरीला या भागात ‘सांभार’ म्हणतात. पुस्तकात भाताची लावणी असते. येथील घरात धानाचा रोवणा असतो. पावसाळ्यात शेतात काय चालते, असे गुरुजींनी विचारले आणि मुलाने उत्साहाने ‘आई बांधीत पऱ्हे रोवते’ असे सांगितले, तर ते उत्तर सर्वस्वी बरोबर आहे. त्यावर ‘चूक, लावणी म्हण’ असे ऐकावे लागले तर मूल शब्द बदलील. पण आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे, अशी समजूतही मनात घेऊन जाईल. तीनदा अडविलेले मूल चौथ्यांदा हात वर करीत नाही.

याकरिता फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात ‘घरी’, दुसऱ्यात ‘पुस्तकात’ असे लिहावे व दोन्ही शब्द शेजारी मांडावेत. प्रमाण मराठी शिकविलीच पाहिजे. ती घरच्या शब्दाचा हात धरून आली म्हणजे लवकर रुजते. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्या मुलांकडे अधिक लक्ष द्यावे. गोंडी ही द्राविड कुलातील भाषा आहे. त्यामुळे त्या मुलांना मराठी ही दुसरी भाषाच ठरते. शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही म्हटले आहे.

३. नोंदीतून पाठ

मोहफुलांवरच एक पाठ घेता येतो. एका मुलाने घरून मूठभर ताजी फुले आणावीत. ती वर्गात तोलून उन्हात पसरावीत व रोज तोलून वजन तक्त्यात मांडावे. फुले सुकतात तसे वजन किती घटते, हे मुले स्वतः पाहतील. वजाबाकी, सरासरी व बाष्पीभवन हे तीनही विषय त्यातून निघतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केली तर वणवा कसा लागतो, आणि पाचोळा झाडूनही जागा कशी साफ होते, याचीही चर्चा येथेच व्हावी.

मात्र या पाठासाठी मुलांना रानात पाठवू नये. या जिल्ह्यात वाघांचा वावर मोठा आहे आणि वाकून फुले वेचणाऱ्या माणसांवर हल्ले झालेले आहेत. एखादे मूल वर्गात पेंगते वा गप्प बसते, तेव्हा पहाटेची ती वाट व ती भीती त्याच्यासोबत वर्गात आलेली असू शकते.

४. लेखनाचा लाभ

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनखात्यात अधिकारी होते. विदर्भातील नवेगावबांध व नागझिरा येथील रानांत त्यांनी सेवा केली. रानात राहणाऱ्या माणसांकडून ऐकलेले व स्वतः पाहिलेले ते लिहून ठेवीत गेले. त्यातूनच त्यांची पुस्तके व ‘पक्षिकोश’ तयार झाला. पाखरांच्या रात्रीच्या विसाव्याच्या जागेला ‘रातनिवारा’ हा गोड शब्द त्यांच्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. २००६ मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रत्येक शिक्षक ग्रंथकार होईल असे नव्हे. परंतु दिवसभराच्या नोकरीतही डोळे व कान उघडे ठेवून लिहिता येते, एवढे या उदाहरणावरून दिसते.

शिक्षकाने लिहिलेल्या ओळी पंधरा दिवसांतून एकदा वर्गात वाचून दाखवाव्यात. आपला शब्द, आपले झाड व आपल्या आईचे काम गुरुजींच्या वहीत आहे, हे ऐकलेले मूल पुढे स्वतःची वही मागते. लेखनाचा पहिला पाठ तेथे सुरू होतो.

पुढल्या चैत्रात हजेरीपत्रक भरताना ही वही शेजारी उघडी असावी. ‘पालक उदासीन’ या दोन शब्दांच्या जागी मग ‘मोहफूल वेचणीस गेला, परत आल्यावर दोन धडे घ्यावयाचे’ असे लिहिले जाईल. पहिल्या शेऱ्याने मुलाचे नाव हळूहळू शाळेतून पुसले जाते. दुसऱ्या नोंदीने त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेविली जाते.